सॉर्ट मारण्याआधी ठरवा: पहिला फोन कुणाला?



मागच्या आठवड्यात उधारीच्या यादीवरचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, चार कॉलमचा अ‍ॅरे आहे, तो सॉर्ट कसा करायचा? फक्त कोड द्या." कोड व्हिडिओत दिलाय, चार ओळींचा आहे, कॉपी करा. पण कोड देऊन माझं समाधान झालं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

माझं मत थोडक्यात सांगतो. सॉर्ट ही कमांड नाही, तो निर्णय आहे. कुणाला वर ठेवायचं आणि कुणाला खाली, हे मशीन ठरवत नाही, तुम्ही ठरवता. आणि आपण ठरवलंच नाही, तरी कुणीतरी वर जातंच. त्याची किंमत मी मोजलेली आहे.

आमचं बोईसरला हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वडिलांच्या काळात सगळी उधारी वहीत होती. मी बीबीए करून आलो, अंगात नवा जोश होता, महिनाभर बसून सगळी वही एक्सेलमध्ये चढवली. पहिला कॉलम नाव, दुसरा गाव. मग दिसायला जरा मोकळं वाटावं म्हणून एक कॉलम रिकामा सोडला. त्याच्यापुढे बाकी रक्कम आणि किती दिवस झाले ते.

एका सकाळी रकमेच्या कॉलमवर क्लिक केलं, मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट मारला, फाइल सेव्ह केली आणि फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन तारापूरच्या एका काकांना. वडिलांचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक, छोटी कंत्राटं घेणारे.

"काका, अठरा हजार चारशे बाकी आहेत. जरा बघता का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं बाळा, बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी काका दारात उभे. हातात त्यांची स्वतःची छोटी वही. त्यांची बाकी होती सहाशे चाळीस रुपये. त्यांनी ते मोजून काउंटरवर ठेवले, वडिलांना रामराम केला आणि गेले. भांडले नाहीत. पण त्यानंतर आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

झालं काय होतं? रिकाम्या कॉलमपाशी एक्सेलला वाटलं की टेबल इथे संपलं. म्हणून त्याने रक्कम आणि दिवस हलवले, नावं आणि गावं जिथल्या तिथे राहिली. एरवी आपण एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला तर एक्सेल थांबवून विचारतं, की शेजारचे कॉलम पण घेऊ का. इथे मध्ये रिकामी जागा होती, त्यामुळे त्याने विचारलंही नाही. अख्ख्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याचीच बाकी.

वडील त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वहीत असं झालं नसतं रे. वहीत एका माणसाचं एक पान असतं."

मंडळी, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगवर मी नंतर बरीच पुस्तकं चाळली, पण मला ते खरं समजलं या वाक्यावरून.

एका माणसाचं एक पान

कोड शिकणारी मुलं बहुतेक वेळा अशी सुरुवात करतात: नावांचा एक अ‍ॅरे, गावांचा दुसरा, रकमांचा तिसरा. तिसरा सॉर्ट केला की पहिले दोन जागचे हलत नाहीत. म्हणजे माझा रिकामा कॉलमच, फक्त जावामध्ये लिहिलेला.

मग कुणीतरी सांगतं, द्विमितीय अ‍ॅरे कर. म्हणजे अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे, प्रत्येक ओळ एक गिऱ्हाईक. हे बरं आहे. जावामध्ये ओळ हीच एक वस्तू असते, सॉर्ट करताना अख्खी ओळ उचलली जाते, त्यामुळे ओळ तुटत नाही. पण दोन त्रास उरतात. एक, नाव मजकूर आहे म्हणून आपण रक्कमही मजकूर म्हणून ठेवतो. मजकूर म्हणून तुलना केली की ९२०० हे १८४०० पेक्षा मोठं ठरतं, कारण पहिलं अक्षर नऊ हे एकापेक्षा मोठं. दोन, कोडमध्ये "कॉलम नंबर दोन" असं लिहावं लागतं. उद्या मध्ये मोबाइल नंबरचा कॉलम घुसवला की नंबर दोन म्हणजे दुसरंच काहीतरी होतं, आणि प्रोग्राम कुरकुर न करता चुकीचं चालत राहतो.

म्हणून माझं म्हणणं, आधी क्लास करा. ग्राहक नावाचा क्लास. त्यात नाव, गाव, बाकी, दिवस. नाव मजकूर, बाकी आकडा. एक ऑब्जेक्ट म्हणजे एका माणसाचं एक पान. पान वर गेलं, खाली गेलं, तरी पानावरचं नाव आणि रक्कम एकमेकांना सोडत नाहीत. सॉर्ट शिकवायचा तो यानंतर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं शिकवतात: आधी आकड्यांचा अ‍ॅरे, मग सॉर्ट, मग कधीतरी शेवटी क्लास. परीक्षेत मार्क मिळतात, दुकानात काका जातात.

कशावरून?

आता एक गंमत बघा. जावाला द्विमितीय अ‍ॅरे दिला आणि नुसतं "सॉर्ट कर" म्हटलं, तर तो चालवताना एरर देतो. मुलं वैतागतात. मला तो एरर आवडतो. तो विचारतोय, "दोन ओळींमध्ये मोठी कोणती, हे कशावरून ठरवू?" प्रश्न बरोबर आहे. पायथॉन विचारत नाही. तो पहिला कॉलम बघतो, तो सारखा असेल तर दुसरा, मग तिसरा. पहिल्या कॉलममध्ये नाव असेल तर यादी नावाने लागणार, तुम्हाला हवी असो वा नसो.

या "कशावरून"चं उत्तर ज्यात लिहितात त्याला कम्पॅरेटर म्हणतात. तो दोन ग्राहक घेतो आणि एक आकडा देतो: ऋण आला तर पहिला आधी, धन आला तर दुसरा आधी, शून्य आलं तर दोघं सारखे. बस, इतकंच. पण तुमच्या धंद्याचं सगळं शहाणपण या छोट्या तुकड्यात असतं.

उदाहरण घेऊ. नावं बनवलेली आहेत.

राऊत, सफाळे, १८,४०० रुपये, २० दिवस
चुरी, बोईसर, १२,००० रुपये, ७० दिवस
पाटील, वाणगाव, ९,२०० रुपये, १५ दिवस
म्हात्रे, पालघर, ४,५०० रुपये, ९५ दिवस
संखे, बोईसर, ६४० रुपये, १३० दिवस

मी वर लिहिली तशी ही यादी रकमेने लागलेली आहे. पहिला फोन राऊतांना. पण आपली मुदत ३० दिवसांची, राऊतांचे २० झालेत. माणूस मुदतीत आहे आणि आपण त्याला तगादा लावतोय. दिवसांवरून लावा, तर पहिला फोन ६४० रुपयांसाठी जातो आणि चुरींचे बारा हजार तिसऱ्या नंबरवर.

मग काय करायचं? एकापेक्षा जास्त कसोट्या लावायच्या, आणि त्यांचा क्रम ठरवायचा. माझ्या दुकानात क्रम असा आहे: आधी मुदत संपलेले, नंतर मुदतीतले. त्यात गाव, कारण वसुलीला माणूस एका फेरीत जातो. एका गावात मग रक्कम, मोठी आधी. जावामध्ये हे "याने तुलना कर, मग त्याने, मग त्याने" अशा साखळीत लिहिता येतं. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून ती सोय आहे. एक्सेलमध्येही कस्टम सॉर्टमध्ये लेव्हल वाढवता येतात, ६४ पर्यंत. आपल्याला तीन पुरतात.

गावाचा क्रम बाराखडीने लावू नका

इथे आपल्या भागातला मुद्दा येतो. गाव म्हटलं की प्रोग्राम अक्षरांनी लावतो: उमरोळी, केळवे रोड, डहाणू रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, सफाळे. ही यादी घेऊन वसुलीला गेलात तर उमरोळीहून दक्षिणेला केळवे रोड, तिथून उलटं पार डहाणू, परत पालघर, पुन्हा वर बोईसर-वाणगाव आणि शेवटी खाली सफाळे. पेट्रोलमध्येच वसुली संपली.

आपल्याला हवा तो क्रम रोज स्टेशनवर ऐकतो: वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून हा क्रम इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. बाराखडीला तो माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. म्हणजे तो प्रोग्रामला सांगायचं काम आपलं.

जावामध्ये यासाठी इनम वापरा. त्यात गावं ज्या क्रमाने लिहाल, त्याच क्रमाने त्यांची तुलना होते. एक्सेलमध्ये कस्टम लिस्ट करा. वरची यादी या क्रमाने लावून बघा: मुदत संपलेल्यांत आधी पालघरचे म्हात्रे, मग बोईसरचे चुरी, मग बोईसरचेच संखे. मुदतीतले राऊत आणि पाटील खाली, त्यांना फोन नाही. एक माणूस, एक फेरी, आणि कुणाचा अपमान नाही. ६४० वाले संखे शेवटी का होईना, पण त्याच फेरीत आले. नुसत्या रकमेच्या यादीत ते कायम तळाशी राहिले असते.

हे काम एका मराठी माणसाने ५० वर्षांपूर्वी केलंय

कसोट्यांचा क्रम ठरवण्याचं याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही: पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. तेव्हा देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. म्हणजे नावाने सॉर्ट करणं अशक्यच.

पालघरचा पिन बघा, ४०१४०४. पहिला आकडा चार म्हणजे पश्चिमेकडचा मोठा विभाग, दुसऱ्या आकड्याने तो लहान होतो, पहिले तीन मिळून ४०१ हा टपालाचा सॉर्टिंग जिल्हा, आणि शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. बोईसर ४०१५०१. मोठी कसोटी डावीकडे, लहान उजवीकडे. त्यामुळे नुसते सहा आकडे चढत्या क्रमाने लावले तरी टपाल आपोआप विभागाने, मग जिल्ह्याने, मग पोस्टाने लागतं. कसोट्यांची साखळी आकड्यातच बसवलेली आहे.

हाच नियम तारखेला लावा. आपण दिवस-महिना-वर्ष असं लिहितो. ते मजकूर म्हणून सॉर्ट केलं तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो. कारण तेच, मोठी कसोटी डावीकडे.

पण पिनकोडही सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यात वाडा तालुका आहे. वाड्याचा पिन मात्र ४२१३०३. पिनने यादी लावली तर वाडा भिवंडीच्या शेजारी जाऊन बसतो. पार्सल पाठवायची यादी असेल तर ठीक. पण "आपल्या जिल्ह्यातले डीलर" अशी यादी असेल तर वाड्याचा डीलर सुटणार. कसोटी चांगली की वाईट हा प्रश्न नसतो, ती कुठल्या कामासाठी हा प्रश्न असतो.

चार ठिकाणी पाय घसरतो

पहिलं, कम्पॅरेटरमध्ये वजाबाकी. खूप जण पहिल्याच्या बाकीतून दुसऱ्याची बाकी वजा करतात आणि उत्तर पूर्णांकात घेतात. एकाची बाकी ५००.७५, दुसऱ्याची ५००.२५, फरक अर्धा रुपया, पूर्णांकात शून्य, म्हणजे दोघं सारखे ठरले. पैशांत हिशोब ठेवलात तर फरक सुमारे २ कोटी १४ लाख रुपयांच्या वर गेला की पूर्णांकाची मर्यादा ओलांडते आणि क्रम उलटतो. आपली उधारी तेवढी नसेलही, पण भाषेत तुलनेचं तयार फंक्शन असताना वजाबाकी कशाला?

दुसरं, एकतर्फी नियम. "पहिल्याची मुदत संपलेली असेल तर तो आधी" एवढंच लिहून थांबलात आणि दुसऱ्याची मुदत बघितलीच नाही, तर दोघांचीही मुदत संपलेली असताना अ हा ब च्या आधी आणि ब हा अ च्या आधी, असं उत्तर येतं. जावा ७ पासून सॉर्ट कधीकधी यावर सरळ एरर देतो की तुमच्या तुलनेचा नियम सुसंगत नाही. कधीकधी देत नाही, आणि यादी गुपचूप चुकीची लागते.

तिसरं, आधीचा क्रम मोडेल ही भीती. जावा आणि पायथॉनमध्ये ऑब्जेक्टचा सॉर्ट स्थिर आहे, म्हणजे दोघं सारखे ठरले तर आधी जो पुढे होता तो पुढेच राहतो. टिम पीटर्सने २००२ मध्ये पायथॉनसाठी ही पद्धत लिहिली, २०११ मध्ये जावानेही ती घेतली. तिचा फायदा आपल्याला थेट होतो: कालची यादी लागलेलीच असते, आज खाली चार नावं वाढतात. ही पद्धत आधीच लागलेले तुकडे ओळखून त्यांचा उपयोग करते, सगळं पहिल्यापासून करत नाही.

चौथं, मराठी नावं. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात ळ हा ल च्या नंतर आणि व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे मशीन पाटील, पाळेकर, पावडे असं लावतं. शाळेत शिकलेल्या माणसाला पाटील, पावडे, पाळेकर हवं असतं. नावांची यादी छापून भिंतीवर लावणार असाल तर भाषेप्रमाणे क्रम लावणारी कोलेटर नावाची सोय वापरा, आणि छापण्याआधी स्वतः एकदा तपासा.

"सर, एवढ्याशा दुकानाला क्लास कशाला?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. आणि तो चुकीचा नाही. ८० गिऱ्हाइकं असतील तर जावा शिकू नका, एक्सेल पुरतं. फक्त तीन गोष्टी करा. यादी सिलेक्ट करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे तिचं टेबल होतं आणि सॉर्ट करताना अख्खी ओळ एकत्र हलते. मध्ये रिकामा कॉलम ठेवू नका. आणि सगळ्यात डावीकडे खाते क्रमांकाचा एक कॉलम ठेवा, एक, दोन, तीन असा, जो कधीच बदलायचा नाही. त्यावर सॉर्ट केलं की मूळ यादी परत मिळते. माझ्याकडे त्या दिवशी तो कॉलम असता, तर वहीशी ताडून बघायला एक मिनिट लागलं असतं.

मात्र जे कोडिंग शिकतायत, बोईसरच्या कारखान्यांत स्टोअर किंवा डिस्पॅच बघायचा विचार करतायत, त्यांना मी सांगेन, क्लासपासूनच सुरुवात करा. तिथे तुमच्या यादीतली ओळ म्हणजे कुणाचा पगार असेल, कुणाची ऑर्डर असेल, एखाद्या मालाची एक्स्पायरी असेल.

आपल्या जुन्या हिशोबात कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असायच्या. व्यवहार तेच. कीर्दीत तारखेने लागलेले, खतावणीत माणसाच्या खात्याने. "आज काय झालं" हे विचारायला एक, "याच्याकडे किती" हे विचारायला दुसरी. त्या लोकांनी अ‍ॅरे पाहिला नव्हता, पण आधी प्रश्न ठरवायचा आणि मग क्रम, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तर आजचं काम. यादी उघडा, पण सॉर्टला हात लावू नका. आधी एका कागदावर लिहा: ही यादी मी कशासाठी लावतोय? पहिली कसोटी कोणती, दुसरी कोणती, तिसरी कोणती? मग सॉर्ट मारा. आणि पहिल्या नावाला फोन लावण्याआधी ते एक नाव वहीशी ताडून बघा.

तुमच्या धंद्यात पहिली कसोटी कोणती निघाली ते व्हिडिओखाली लिहा. मेडिकलवाले, किराणावाले, फॅब्रिकेशनवाले, सगळ्यांची वेगळी निघणार, आणि मला ती वाचायची आहेत.

काका अजून दिसतात, कधी बोईसर नाक्यावर, कधी बँकेत. रामराम होतो. सामान मात्र ते दुसरीकडून घेतात.